चिझुरुबाईंच्या भुवया

जपानातल्या मारुगामेच्या आमच्या छत घातलेल्या बाजारात पूर्वी साठ दुकानं होती, आता एकोणीस उरलीत. बाकीच्यांची शटरं एकदा खाली आली ती पुन्हा वर गेली नाहीत. उरलेल्यांत माझं केस कापायचं दुकान आहे, आणि बरोबर समोर चिझुरु मुराकोशीबाईंचं पावडर-लिपस्टिकचं दुकान. माझ्याकडे आलेला पुरुष जसा येतो तसाच परत जातो, फक्त थोडा हलका होऊन. बाईंकडून बाहेर पडलेल्या बायकांना मात्र ओळख न पटल्यामुळे नमस्कार करायचं माझ्याकडून दोनदा राहून गेलं आहे. त्यातली एक माझी चुलतबहीण होती. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

चिझुरुबाईंना सगळं गाव 'बाई' म्हणतं, कारण गावातल्या तीन पिढ्या त्यांनी शिकवल्या. आमच्या शाळांचं एक न्यारं शास्त्र आहे. मुलगी शाळेत आहे तोवर तिनं ओठाला नुसता रंग दाखवला, तरी मास्तर घरच्यांना बोलावून घेतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिच्या हातात दाखला पडतो. एप्रिलच्या एक तारखेला ती बँकेच्या काउंटरमागे कोऱ्या चेहऱ्यानं उभी राहिली, की तेच लोक म्हणतात, पोरगी हुशार असेल पण जरा गबाळी आहे. म्हणजे बारा वर्षं जे पाप होतं ते चार आठवड्यांत कर्तव्य होतं. मधले चार आठवडे चिझुरुबाईंचे.

त्या आठ-आठ मुलींना मागच्या खोलीत आरशांपुढे बसवतात आणि सुरुवात करतात ती एका दटावणीनं: चेहरा दिसला पाहिजे, मेहनत दिसता कामा नये. एकावर एक नऊ थर द्यायचे आणि ऑफिसातला साहेब म्हणाला पाहिजे, 'तू काही लावत नाहीस वाटतं? छान.' साहेब असं म्हणाला की पास. 'आज छान रंगली आहेस,' असं म्हणाला की नापास. नऊ थरांचे सगळे मिळून दोन तास आणि भुवयांचे वेगळे दोन तास. भुवयांच्या बाबतीत बाई कुणालाही दयामाया दाखवत नाहीत. एक भुवई जरा वर गेली तर माणूस दिवसभर शंका विचारत असल्यासारखा दिसतो, आणि शंका विचारणारी मुलगी नोकरीत टिकत नाही, हे त्यांचं मत. मी एकदा त्यांना विचारलं होतं की मग आम्हा पुरुषांना काहीच का लावायला नको. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला बघतंय कोण?"

हे भुवयांचं वेड उगाच नव्हतं. विशीत असताना बाई ताकामात्सु शहरातल्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर उभ्या राहायच्या. तेव्हा दोऱ्यासारख्या भुवयांची चाल होती. बाईंनी चिमट्यानं आपल्या भुवया उपटल्या, त्या रुसल्या आणि परत आल्याच नाहीत. तेव्हापासून आजतागायत जगानं बाईंच्या ज्या भुवया पाहिल्या त्या सगळ्या पेन्सिलीच्या.

आणि जगात नवराही आला. लग्नाच्या दिवशी बाईंच्या आईनं कानात सांगितलं होतं, "नवऱ्याला भात कच्चा वाढलास तरी चालेल, चेहरा कच्चा दाखवू नकोस." भाताचं बाईंनी कधी मनावर घेतलं नाही, पण चेहऱ्याचं वचन अडतीस वर्षं पाळलं. पहाटे पावणेपाचला उठायचं, आरशाच्या चौकीपुढे बसायचं, चाळीस मिनिटांत काम संपवायचं आणि मग नवऱ्याला हाक मारायची. रात्री दिवा मालवल्यावरच तोंड धुऊन अंथरुणात शिरायचं. गरम पाण्याच्या कुंडांवर सहलीला गेले तरी बाई पाण्यातून वर यायच्या त्या भुवया शाबूत ठेवून. मार्चच्या मुलींना त्या दरवर्षी शेवटच्या दिवशी हे अभिमानानं सांगतात: आमच्या ह्यांनी अडतीस वर्षांत माझा कोरा चेहरा पाहिलेला नाही. मुली आ वासतात. माझी बायको हात्सुमी हे ऐकून हसते. तिनं लग्नाच्या तिसऱ्या दिवशीच ते सगळं गुंडाळून कपाटात टाकलं होतं. मी तक्रार केली तेव्हा म्हणाली, तुझा चेहरा मी रोज तसाच बघतेच ना.

तर अशा चिझुरुबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. बाईंनी ती पुढे ढकलली, कारण देवळाची जत्रा होती. दुसरी तारीख ढकलली, कारण मार्च आला होता. तिसरी ढकलली, कारण पंचांगात तो दिवस वाईट निघाला. आयुष्यात बाईंनी पंचांग उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून हात्सुमीला संशय आला. तिनं बाईंच्या काउंटरवरचा इस्पितळाचा कागद वाचला. रुग्णासाठी सूचना. पहिली ते सहावी, उपास वगैरे. सातवी अशी होती: ऑपरेशनच्या दिवशी चेहऱ्यावर कसलंही प्रसाधन नको, नखांना रंग नको. आणि नववी: जवळच्या नातेवाइकानं सकाळी रुग्णाला भेटून ऑपरेशन संपेपर्यंत थांबावं.

सातवी आणि नववी. एका कागदावर.

बाई गप्प बसून हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी इस्पितळात फोन करून विचारलं की भुवया प्रसाधनात मोडतात का. मोडतात, असं उत्तर आलं. कारण काय? तर गुंगी देणाऱ्या डॉक्टरला कातडीचा रंग दिसावा लागतो, ओठ निळे पडले तर कळलं पाहिजे. मग ओठ बघा की, बाई म्हणाल्या, भुवया निळ्या पडल्याचं कुणी कधी ऐकलंय? पलीकडच्या मुलीनं नियम पुन्हा वाचून दाखवला. मग बाईंनी नातेवाईक म्हणून नवऱ्याऐवजी हात्सुमी चालेल का विचारलं. शेजारीण चालत नाही, असं समजलं.

अखेर मार्चच्या शेवटच्या वर्गात, एका मुलीची डावी भुवई दुरुस्त करताना बाईंच्या पोटात अशी कळ आली की त्या काउंटरवर आडव्याच झाल्या. तशाही स्थितीत त्या मुलीला म्हणाल्या की पेन्सिल खाली ठेव, टोक मोडेल. डॉक्टरांनी या वेळी आवाज चढवला. पुढची कळ आली तर रुग्णवाहिका येईल, आणि रुग्णवाहिकेतली माणसं भुवया रेखायला थांबत नाहीत. बाईंनी मान खाली घातली. तारीख पडली सोमवारची, एप्रिलच्या मधली.

त्या संध्याकाळी बाई आमच्या मागच्या दारी आल्या. हात्सुमीनं चहा दिला, तो तसाच राहिला.

"एकदा बघतील आणि विसरतील," हात्सुमी म्हणाली. "पुरुषांना कालचं जेवण आठवत नाही."

"विसरणार नाहीत ना," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसापासून मी कितीही लावलं तरी ह्यांना खालचाच चेहरा दिसत राहणार. अडतीस वर्षं एका सकाळी धुऊन जातील गं."

आम्हाला हसायचं होतं, पण बाईंच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. आणि ते पाणीसुद्धा त्या रुमालाच्या टोकानं, रेष न बिघडवता टिपत होत्या.

आता त्यांच्या नवऱ्याकडे येतो. इवाओसान तातामी बनवतात. घरातल्या जमिनीवरच्या त्या गवताच्या जाड चटया, जाड सुईनं काठ शिवून. सदुसष्ट वर्षांचे आहेत, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं इतकं कमी की ते महिनाभरात जेवढं बोलतात तेवढं हात्सुमी दात घासताना बोलते. ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी ते केस कापायला आले. केस झाले, दाढीसाठी मी खुर्ची मागे पाडली आणि तोंडावर गरम टॉवेल ठेवला. गरम टॉवेलखाली पुरुष खरं बोलतो हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. चेहरा दिसत नाही ना, म्हणून.

"ती उठते तेव्हा मी जागाच असतो," टॉवेलखालून आवाज आला.

मी वस्तरा खाली ठेवला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मुराकोशींच्या घरात झोपायची खोली मागे, मधे आरशाची खोली, आणि संडास त्या खोलीच्या पलीकडे. दुसरी वाट नाही. इवाओसानना लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून पहाटे पावणेपाचला जाग येते, कारण शेजारचं माणूस उठतं. आणि जाग आली की माणसाला जिथे जावं लागतं तिथे त्यांनाही जावं लागतं. पण मधे बायको कोऱ्या चेहऱ्यानं बसलेली. म्हणून ते डोळे मिटून पडून राहतात. चाळीस मिनिटं. आवाजांवरून त्यांना सगळं कळतं. आधी नळ. मग तळहातानं गालावर थापट्या, तातामीवर धूळ झटकतात तशा. मग ब्रशचा भुरभुर आवाज. मग मोठी शांतता. ती भुवयांची, सगळ्यात कठीण जाते. आणि शेवटी पावडरची डबी बंद होते: टक्. तो टक् ऐकला की इवाओसान पहिल्यांदा जांभई देतात, बायकोची हाक येऊ देतात, आणि मग जमेल तितक्या सावकाश, संशय येऊ नये असे, चालत जातात. तरुणपणी हे शिष्टाचारात खपलं. आता लघवीच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलंय की या वयात रोखून धरू नका. इवाओसाननी डॉक्टरांना सांगितलं, माझ्या हातात नाही.

"कधीच बघितलं नाहीत?" मी विचारलं.

एकदा बघितलं होतं, असं टॉवेलखालून कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी भूकंपाचा एक धक्का आला होता, फार मोठा नाही, कपाटातल्या बशा खडखडल्या इतकाच. बाई आरशासमोरून उठून 'अहो, उठा' म्हणत धावत आल्या आणि इवाओसाननी दचकून डोळे उघडले. समोर बायको, आणि तिला एकच भुवई. त्यांनी ताबडतोब डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच बाहेर पळाले. कपाळावर टेंगूळ आलं. बाई आजतागायत सगळ्यांना सांगतात की ह्यांच्या डोक्यावर भूकंपात काहीतरी पडलं.

मी म्हटलं, इवाओसान, सोमवारी तुम्ही काय करणार? त्यांनी ठरवून टाकलं होतं. चष्मा काढून खिशात ठेवायचा. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचा माणूस आणि खांब यांतला फरक कळत नाही.

"एवढं कशाला?" मी म्हणालो. "बायको आहे तुमची. बघा आणि मोकळे व्हा."

"तिनं दाखवलं नाही," ते टॉवेलखालून म्हणाले. "मग मी कसं बघायचं?"

मी दाढी केली. एके ठिकाणी कापलं सुद्धा, ते त्यांनी मनावर घेतलं नाही.

सोमवारी आमची केस कापायची दुकानं बंद असतात आणि चष्मा नसलेल्या माणसानं गाडी चालवू नये, म्हणून मीच त्यांना घेऊन गेलो. बाई आदल्या दिवशीच दाखल झाल्या होत्या. वरच्या मजल्यावर काय चाललं होतं ते नर्स मिझुहोनं नंतर हात्सुमीला सांगितलं. ही मिझुहो चार वर्षांपूर्वी बाईंच्याच मागच्या खोलीत बसलेली. सकाळी ती बाईंना तयार करायला गेली, तर बाई पलंगावर शांत, हात पोटावर, चेहरा धुतलेला. मिझुहो वाकून बघत राहिली.

"बाई, भुवया."

"त्या माझ्याच आहेत."

"भुवई शेवटाला अर्ध्या तांदळाएवढी खाली वळवायची, जगाला वाटलं पाहिजे देवानं दिली," मिझुहो म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं."

बाईंना आपल्या विद्यार्थिनीचा अभिमान वाटला की राग आला हे मिझुहोला समजलं नाही. पण त्यांनी स्वतःच कापूस घेतला आणि पुसलं. आधी डावी, मग उजवी. मग ऑपरेशनची हिरवी टोपी पापण्यांपर्यंत ओढली, तोंडावर मास्क चढवला. आता बाईंचे फक्त डोळे तेवढे उरले, एखाद्या म्हाताऱ्या निंजासारखे.

आम्ही दोघं ऑपरेशनच्या दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत उभे होतो. इवाओसाननी चष्मा खिशात घातला होता आणि माझ्या बाहीला धरलं होतं. लिफ्ट उघडली आणि चाकांचा पलंग बाहेर आला. पलंगावर हिरवी टोपी, पांढरी चादर. ते पोस्टातून निवृत्त झालेले ओगातासान होते, हर्नियानं पाऊल टाकता येईना म्हणून पलंगावरून ऑपरेशनला निघालेले. चालता येणाऱ्या माणसाला इथे ऑपरेशनला चालवत नेतात हे इवाओसानना ठाऊक नव्हतं, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझी बाही सोडून ओगातासानचा हात धरला.

अडतीस वर्षांत जे बोलले नसतील ते बोलायला लागले.

"घाबरू नकोस. मी काही बघत नाहीये, चष्मा घरी ठेवलाय. आज पहाटे टक् झाला नाही, मला उठायचं कधी तेच कळेना. साडेसातपर्यंत पडून राहिलो. लवकर घरी ये."

ओगातासान भला माणूस. "प्रयत्न करतो," ते नम्रपणे म्हणाले.

त्यांच्या मागे पाच पावलांवर, सलाईनची दांडी धरून, मिझुहोच्या शेजारी चिझुरुबाई उभ्या होत्या. पलंग पुढे गेला. इवाओसान रिकामा हात तसाच धरून राहिले.

"अहो."

ते आवाजाकडे वळले, आणि लगेच नजर छताकडे लावली.

"चष्मा कुठाय?" बाईंनी विचारलं.

"घरी."

"वरच्या खिशातून दांडी दिसतेय." मग, "कुठला टक्?"

इवाओसाननी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे खांबाकडे. खांबानं मदत केली नाही. मग त्यांनी छताला उद्देशून दोन वाक्यांत सांगून टाकलं. डबीचा टक्. पावणेपाचपासून जागा असतो.

"रोज?"

"रोज."

बाईंच्या डोळ्यांत हिशेब चाललेला मला दिसत होता. नळ, थापट्या, ब्रश, शांतता. आपण जे चोरून करतोय असं समजत होतो त्याला अडतीस वर्षं कान देणारा माणूस भिंतीपलीकडे होता. आणि मग त्यांना घराची रचना आठवली असावी.

"आणि संडास?"

"थांबायचो."

मिझुहोनं भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

दाराच्या आतून कुणीतरी नाव पुकारलं, मुराकोशीसान, या. बाईंनी मास्क खाली ओढला. मग टोपी दोन बोटांनी कपाळावर सरकवली, पार केसांपर्यंत. मी नजर वळवली. माझ्यासाठी नव्हतं ते.

"घाला चष्मा," त्या म्हणाल्या.

इवाओसाननी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला आणि पाहिलं. नवीन शिवलेल्या तातामीचा काठ तपासतात तसं, डावीकडून उजवीकडे, न घाई करता. बाईंनी सलाईनची दांडी इतकी घट्ट धरली होती की मिझुहो म्हणते, सुई निघेल अशी भीती वाटली.

"आज निदान दोन्ही सारख्या आहेत," इवाओसान म्हणाले.

बाईंना कळायला जरा वेळ लागला.

"म्हणजे भूकंपात—"

"हो."

"आणि ते टेंगूळ?"

"दाराची चौकट."

बाई हसल्या. आधी नाकातून, मग पोटातून, खड्यांच्या जागी हात धरून. असल्या हसण्यानं नवव्या थराला तडा जातो म्हणून त्या आयुष्यभर ओठ मिटून हसल्या होत्या, त्यामुळे त्यांचे मागचे दात मी प्रथमच पाहिले. तशाच हसत त्या दारातून आत गेल्या. आत त्यांची नाडी इतकी जोरात चालत होती की गुंगीच्या डॉक्टरांनी विचारलं, या बाई घाबरल्यात का. मिझुहोनं सांगितलं, नाही, त्यांच्या नवऱ्यानं भुवयांची तारीफ केली. डॉक्टरांनी भुवयांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

तासाभरानं सर्जननी इवाओसानना आत बोलावून काचेच्या बाटलीत तीन खडे दाखवले. ती बाटली त्यांनी दुसऱ्या दिवशी बाईंना नेऊन दिली. बाईंनी ती उजेडाकडे धरली आणि शुद्धीवर आल्याचा भक्कम पुरावा दिला. "पावडरमधला गेरू, वीस नंबर," त्या म्हणाल्या. "सावळ्या मुलींना छान दिसतो हा." ओगातासानना भेटायला आलेली त्यांची बायको तेव्हा बाईंच्या पलंगाशीही डोकावली होती. तिनं त्याच नंबरची डबी तिथेच मागवून ठेवली. तिच्या नवऱ्यानं मात्र चौकशी केली की कालचे ते गृहस्थ पुन्हा येणार आहेत का. इतकं आपुलकीनं त्यांच्याशी बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल की बाईंनी घरी येऊन पेन्सिल फेकून दिली. हात्सुमीलाही तसंच वाटलं होतं, तिनं पैजही लावली होती. हरली. टाके काढायच्या आधीच बाई दुकानात होत्या, दोन्ही भुवया जागच्या जागी, अर्धा तांदूळ खाली वळलेल्या. पुढच्या मार्चला नव्या आठ मुलींना त्यांनी तीच दटावणी दिली. शेवटच्या दिवसाचं ते अभिमानाचं वाक्य मात्र थोडं बदललंय. आमच्या ह्यांनी माझा कोरा चेहरा एकदाच पाहिलाय, त्या म्हणतात, तोही मी दाखवला तेव्हा. मुली अजूनही आ वासतात. एकीनं विचारलं की मग ते काय म्हणाले. बाई म्हणाल्या, "सारखा आहे म्हणाले. चला, पेन्सिली उचला."

घरातली बाब इवाओसाननी मला परवाच सांगितली, अर्थात टॉवेलखालून. पहाटे पावणेपाचला बाई उठतात, आरशापुढे बसतात, आणि काहीही लावायच्या आधी पावडरची डबी नुसतीच उघडून बंद करतात: टक्. इवाओसान उठतात, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बाईंच्या मागून संडासाला जातात, कॅलेंडरकडे बघत परत येतात आणि अंथरुणात शिरून डोळे मिटतात. बाईही आरशातून त्यांच्याकडे बघत नाहीत. मग नळ, थापट्या, ब्रश आणि ती मोठी शांतता.

दुसरा टक् होईपर्यंत इवाओसान झोपलेलेच असतात.